मुलाच्या घासावर सही करणारे आपण कोण?

गावात निवृत्त मास्तर असला, की काही कामं त्याच्याकडे आपसूक चालत येतात. लग्नपत्रिकेचं शुद्धलेखन तपासा, गणेश मंडळाच्या जमाखर्चावर नजर टाका, वाचनालयाच्या बक्षीस समारंभाला दोन शब्द बोला. ही कामं मी हौसेने करतो. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे, ते मात्र मी करत नाही. सोडचिठ्ठीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही! "सर, दोन्ही घरं तुमच्या ओळखीची, तुमच्या सहीला मान आहे, पाच मिनिटांचं काम," असं म्हणत मंडळी येतात, चहा घेतात आणि नकार ऐकून तोंड वाकडं करून जातात. मास्तरांना भांडणं मिटलेली बघवत नाहीत, असंही मागे कुणीतरी बोललं म्हणे. प्रत्येकाला दारात उभं राहून कारण सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकावं, म्हणून हा प्रपंच.

सुरुवातीलाच सांगतो, मी घटस्फोटाच्या विरुद्ध नाही. ज्या घरात रोज मारहाण आहे किंवा वर्षानुवर्षं अबोला आहे, तिथल्या पोराच्या नुसत्या वहीवरूनसुद्धा ते कळायचं. अशा वेळी वेगळं होणं सगळ्यांच्याच भल्याचं असतं. आपल्या मुंबई प्रांताने १९४७ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता, आणि बडोद्यात सयाजीरावांनी तर त्याच्याही आधी, १९३१ मध्ये. त्यामुळे 'आपल्या संस्कृतीत हे नव्हतं' वगैरे मी म्हणणार नाही. (काडीमोड हा शब्द काय इंग्रजांनी आणला?) माझं भांडण त्या स्टँपपेपरशी आहे. आणि त्यातही एका कलमाशी.

ज्यांनी असा कागद पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तहसील कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडे मसुदा तयारच असतो, फक्त नावं बदलायची. पूर्वी शंभराचा स्टँप चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. भाषा जमिनीच्या खरेदीखतासारखी, 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. आमचं पटत नाही, पंचांसमक्ष राजीखुशीने फारकत घेत आहोत, दागिने आणि भांडीकुंडी पोचली, एकरकमी अमुक रुपये रोख मिळाले, यापुढे कुणाचा कुणावर हक्क नाही. इथपर्यंत दोन मोठ्या माणसांचा मामला. मग खाली आठव्या-नवव्या कलमात हळूच येतं, की अज्ञान मुलगा आईकडे राहील, त्याच्या पालनपोषणासाठी आणि शिक्षणासाठी ती कधीही काही मागणार नाही, वडिलांच्या मिळकतीत त्याचा हक्क राहणार नाही, आणि त्या बदल्यात वडीलही मुलाला भेटण्याचा आग्रह धरणार नाहीत. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा लाल शिक्का.

कायद्याच्या भाषेत लहान मुलाला 'अज्ञान' म्हणतात. अशा बैठकीत नेमकं अज्ञान कोण असतं हे तुम्हीच ठरवा.

मी वकील नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी तालुका कोर्टात वकिली करतो, त्याच्याकडून एकेक गोष्ट खात्री करून घेतली आहे. पहिली गोष्ट, या कागदाने लग्न मोडत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न मोडायचं तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. एखाद्या समाजात रूढीनेच फारकतीची पद्धत असेल तर कलम २९ ने तेवढी मोकळीक ठेवली आहे, पण मग ती रूढी खरोखर आणि पूर्वापार आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. 'आमच्यात चालतं' एवढं म्हणून भागत नाही. नोटरीच्या शिक्क्याने काही होत नाही. केंद्राच्या विधी विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना लेखी बजावलं, की लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करणं हे तुमचं काम नाही. तरीही शिक्का उमटतोच.

या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं, तर ते लग्न रद्दबातल. शिवाय पहिला जोडीदार हयात असताना दुसरं लग्न करणं हा गुन्हा आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८२, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे सहसा कळतं ते वीस-पंचवीस वर्षांनी, नवरा वारल्यावर, पेन्शनच्या खिडकीपाशी. दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात आणि ज्या पंचांनी सह्या केल्या ते तोपर्यंत देवाघरी गेलेले असतात. त्यांना कोण विचारणार?

पण हे मोठ्यांचं झालं. मुलाबद्दल कायदा फार स्वच्छ आहे. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या विसाव्या कलमाने मुलाला पोसण्याची जबाबदारी आईबाप दोघांवर टाकली आहे. तिथे 'लग्न टिकलं तर' अशी अट नाही. तसंच फौजदारी कायद्यातलं जुनं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं, ते सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे. पोटगी मुलाची असते. आई ती त्याच्या वतीने घेते, इतकंच. जी वस्तू तिची नाहीच ती ती सोडून कशी देणार? पालकत्वाच्या कायद्याच्या आठव्या कलमात तर स्पष्ट म्हटलं आहे, की पालकाने स्वतः दिलेल्या करारवचनाने अज्ञान मूल कधीही बांधलं जात नाही. बाईच्या स्वतःच्या पोटगीबद्दल वकील मंडळी दोन्ही बाजूंनी वाद घालतील, मुलाच्या पोटगीबद्दल वादाला जागा नाही. मिळकतीचंही तेच. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मुलाला जन्माने मिळतो, २००५ पासून मुलीलाही. बापाने स्वकष्टाची मिळकत मृत्युपत्राने दुसऱ्याला दिली तर गोष्ट वेगळी, पण मृत्युपत्र न करता तो गेला तर ते मूल पहिल्या वर्गाचा वारस आहेच. आईबापाची फारकत झाली म्हणून मुलाची बापाशी फारकत होत नाही.

तुम्ही म्हणाल, कागदाला किंमतच नसेल तर मास्तर एवढे का चिडतात? केराच्या टोपलीत टाकायचा. तिथेच तर सगळी मेख आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. गणितात अशी, की फळ्यावरची माझी चूक ती हात वर करून दाखवायची. (मी खरा मराठीचा मास्तर, शिक्षक कमी पडले की गणिताचे तास घ्यायचो.) ती चार वर्षांची असताना आईबापांचा असाच कागद झाला होता. आई एका खानावळीत पोळ्या लाटायची. बापाचं त्याच गावात दुकान, दुसरा संसार, दारात मोटारसायकल. दहावीला मुलीला चांगले गुण मिळाले. पुढे शहरात जायचं तर वसतिगृह, फी, एसटीचा पास. मी आईला म्हटलं, "ताई, तिच्या वडिलांकडे मागा, तिचा हक्क आहे." बाई खाली मान घालून म्हणाल्या, "गुरुजी, लिहून दिलंय ना मी. आता कुठल्या तोंडानं मागू?" मी समजावलं, वकिलाकडे नेतो म्हटलं. त्या आल्या नाहीत. चार माणसांत दिलेला शब्द मोडणं त्यांना जमलं नाही. मुलीने पुढच्या जून महिन्यात कपड्याच्या दुकानात नोकरी धरली.

कोर्टात ज्या कागदाची किंमत शून्य होती, तो त्या बाईच्या मनावर मात्र पुरा चालला. खोटा कागद लबाडाला बांधत नाही, तो वकिलाला विचारून मोकळा होतो. बांधली जातात ती शब्दाला जागणारी माणसं. आणि त्या कागदाला असलं वजन आलं कुठून? स्टँपमुळे नव्हे. खाली सह्या करणाऱ्या प्रतिष्ठित मंडळींमुळे. सरपंच, सोसायटीचा चेअरमन, निवृत्त मास्तर.

आता त्या 'एकरकमी'चं गणित करू. समजा दोन लाख ठरले. बैठकीत हा आकडा फार मोठा वाटतो, माणसं माना डोलावतात. मूल चार वर्षांचं. अठरा पुरी व्हायला चौदा वर्षं, म्हणजे एकशे अडुसष्ट महिने. दोन लाखांना एकशे अडुसष्टने भागा. महिन्याला अकराशे नव्वद रुपये! दिवसाला चाळीसही नाही. त्यातच दूध, वह्या, गणवेश, ताप आला तर डॉक्टर. आणि हे सगळे पैसे मुलासाठी आहेत असं धरून, बाईचं स्वतःचं काही नाही. प्रत्यक्षात त्यातले निम्मे लग्नाचं कर्ज फेडण्यात जातात. हे चौथीच्या पोराला घालावं इतकं साधं गणित, पण बैठकीला बसलेल्या एकाही शहाण्याला ते मांडावंसं वाटत नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं, "सर, कोर्टात गेलं की दहा वर्षं जातात." या उत्तराला मी हसणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. रजनीश विरुद्ध नेहा हा आता देशभर दाखला दिला जाणारा निकाल आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या प्रकरणातला. अंतरिम पोटगीचा अर्ज सप्टेंबर २०१३ चा, म्हणजे मूल अजून तान्हं. कुटुंब न्यायालयाचा आदेश ऑगस्ट २०१५ चा, मुलाला आधी पाच हजार आणि मग दहा हजार महिना. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. सात वर्षं, आणि तीही 'अंतरिम' पोटगीसाठी! कायद्यात लिहिलंय, की अंतरिम अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा. 'शक्यतो' या शब्दाने आपल्या देशात जेवढं नुकसान केलंय तेवढं दुष्काळानेही केलं नसेल.

पण त्याच निकालाने दोन उपयोगाच्या गोष्टी दिल्या. एक, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, आदेशाच्या तारखेपासून नाही. म्हणजे तारखा वाढवून वेळ काढणाऱ्याची थकबाकीच वाढते. दोन, दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. दुकान भावाच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या नावावर आणि मी आपला बेकार, हे सांगणं त्यामुळे थोडं अवघड झालं. बेकार म्हणूनही सुटका नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना पण बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही सांगितलं.

शिवाय दोघांनाही वेगळं व्हायचंच असेल, तर स्टँपपेपर आणि दहा वर्षांची लढाई असे दोनच रस्ते नाहीत. परस्पर संमतीचा घटस्फोट कायद्यात १९७६ पासून आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असाल तर दोघांनी मिळून अर्ज करायचा. मधली सहा महिन्यांची थांबायची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हे २०१७ पासून ठरलेलं आहे. ज्या बैठकीत स्टँपचा मसुदा ठरतो त्याच बैठकीत हा अर्ज का ठरू नये? मला वाटतं, एकच अडचण आहे. तिथे न्यायाधीश विचारू शकतात, की मुलाचं काय ठरलं?

आता ताब्याबद्दल. हा शब्दच मला सहन होत नाही. ताबा जमिनीचा असतो, गाळ्याचा असतो, ट्रॅक्टरचा असतो. मुलाचा सांभाळ असतो. पण आपण ताबा म्हणतो आणि मग वागतोही तसंच. या विषयावर गावोगाव दोन ठाम समजुती आहेत. पाच वर्षांपर्यंत मूल आईचं आणि नंतर आपोआप बापाचं, ही पहिली. कायद्यात इतकंच आहे, की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं. त्यापुढे आपोआप काहीच नाही, मुलाचं हित सर्वांत वर. नववं वर्ष लागलं की कोर्ट मुलाला विचारतं आणि ते म्हणेल तिकडे पाठवतं, ही दुसरी. कायद्यात नऊ हा आकडा नाही. मूल समजून-उमजून सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात, बांधील नसतात. या दुसऱ्या समजुतीपायी नवव्या वर्षाच्या आसपास पोराला एकीकडून सायकल आणि दुसरीकडून मोबाइल मिळतो. वर्गात असं पोर मी लगेच ओळखायचो. नवी सायकल, आणि तोंडावर हसू नाही.

शाळांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. दाखल्यासाठी वडिलांचीच सही हवी, असा हट्ट धरणारे कारकून मी पाहिलेत, आणि त्या एका सहीपायी चार-चार हेलपाटे घालणाऱ्या आयाही. अरे, बाप असूनही लक्ष देत नसेल तर आईच नैसर्गिक पालक, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगून ठेवलंय! १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या कागदांवर तर आईचं नाव बापाच्या आधी लावायचा आपल्या सरकारचाच निर्णय आहे. कारकून मात्र जुनाच.

पुरुषांची बाजू मी घेत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बापाकडून मूल तोडलं जातं तेव्हा त्या बापाची तगमग मी पाहिली आहे. शाळेच्या फाटकाबाहेर दुपारी उभा राहून लांबून पोराला बघणारा बाप मी पाहिलाय. त्याचं दुःख खरं आहे. पण त्याच कागदात त्याने काय लिहून घेतलं होतं? पैसे देणार नाही, भेटायलाही येणार नाही. आणि तिने काय लिहून दिलं होतं? भेटायला येऊ नको, पैसेही मागत नाही. म्हणजे दोघांनी मिळून पोराकडच्या दोन गोष्टी एकमेकींत वळत्या केल्या, आणि दोन्हींचा मालक तो होता! पोटगी आणि भेट यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पोटगी थकली म्हणून भेट बंद करता येत नाही आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी अडवता येत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज करता येतात. आईबाप दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. आमच्या बैठकींपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

'शिकलेल्या बायका लाखो रुपये उकळतात' हे व्हॉट्सअॅपवरचं पुराण मला कृपया पाठवू नका. असतील दोन-चार प्रकरणं. मी ज्या घरांबद्दल लिहितोय तिथे उकळायला चहाशिवाय काही नसतं. आणि आई कमावती असली तरी बापाचा वाटा पुसला जात नाही. फार तर दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात तो ठरतो.

ज्यांच्याकडे असा कागद आधीच झालेला आहे त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. मूल अठराच्या आत असेल तर आजही अर्ज करता येतो. आई राहते तिथल्याच कोर्टात, सासरच्या गावी जायची गरज नाही. पोटगीच्या आणि घटस्फोटाच्या दाव्यात बायकांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. वकिलासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बाई आणि मूल यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. मुलगी अठराची झाली असली तरी, अविवाहित असून स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल, तर दत्तक व निर्वाह कायद्याखाली तिचा हक्क उरतो.

आणि ज्यांच्या हातात आदेश आहे पण पैसे येत नाहीत, त्यांनी एक गोष्ट कॅलेंडरवर लिहून ठेवावी. कलम १४४ खालच्या आदेशाची थकबाकी वॉरंटने वसूल करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'आज देईल, उद्या देईल' करत तीन वर्षं थांबलेल्या बायका त्या सोप्या वाटेने दोन वर्षांचे पैसे घालवून बसतात. तुरुंगात जाऊन आलो म्हणजे फिटलं, असं काही नवरे सांगतात, तेही खोटं. तुरुंगवासाने थकबाकी माफ होत नाही. दर महिन्याची नोंद वहीत ठेवा, बँकेत पैसे आले असतील तर पासबुक भरून घ्या. शाळेच्या फीच्या आणि औषधांच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवा. कोर्टात एकट्याने जायची भीती वाटत असेल तर मला सांगा. मंगळवार सोडून मी रोज मोकळाच असतो.